बॅटरी लवकर का मरते? शिवारातल्या, खोलीतल्या आणि गाडीतल्या सेलचा आढावा

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, शिक्रापूरच्या शिवारात रात्रपाळीची थ्री फेज वीज आली, की माणसे दारे धरायला निघतात. पाणी विहिरीचे असो की चासकमान धरणाच्या आवर्तनाचे, उसाच्या सरीत ते फिरवायचे तर पायाखाली आणि समोर उजेड हवाच. पूर्वी भीती विंचू-सापाची असायची, आता तिच्यात बिबट्याची भर पडली आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात आणि इथल्या उसाच्या फडांत बिबट्याच्या कित्येक पिढ्या वाढल्या आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्याच्या उत्तर टोकाला पिंपरखेड आणि जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. अशा दिवसांत रात्रभर चालेल म्हणून घेतलेला टॉर्च तासाभरात मंद झाला, तर गाठ थेट जिवाशी पडते.

रस्त्याकडेच्या वस्तीत चित्र वेगळे, पण प्रश्न तोच. सणसवाडी, कोरेगाव भीमा आणि रांजणगावच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारी अनेक माणसे शिक्रापुरात भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांचे सारे व्यवहार फोनवर चालतात, काहींची ये-जा इलेक्ट्रिक स्कूटरवर होते. गावात इन्व्हर्टर आहेत, शेतावर बॅटरीचे फवारणी पंप आहेत, गोठ्यात सोलरचे दिवे आहेत. एका घरात पाच-सहा बॅटऱ्या सहज निघतात आणि त्यांतली एखादी तरी कोनाड्यात मरून पडलेली असते.

ती मेली कशाने? घरोघरी उत्तर मिळते, 'वापरून वापरून संपली.' रसायनशास्त्र मात्र वेगळे सांगते. काम करून बॅटरी झिजते हे खरे, पण घरगुती बॅटऱ्यांचे आयुष्य अनेकदा काम नसतानाच सरते. ती कुठे ठेवली आणि किती भरलेली ठेवली, यावर तिचे बरेचसे भवितव्य ठरते. त्यात गोंधळ असा, की आपल्याकडे बॅटऱ्यांच्या दोन जाती शेजारीशेजारी नांदतात आणि त्यांच्या सवयी एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एकीला जपायला जे करावे, त्यानेच दुसरी दगावते.

एकच सेल, अनेक घरे

या विषयावर परदेशांत हिरीरीने चर्चा केली ती ई-सिगारेट ओढणाऱ्यांनी. त्यांच्या उपकरणांतली बॅटरी फार ताणली जाते. अर्धा ओहम रोधाची तार ४.२ व्होल्टच्या सेलला जोडली, तर ओहमच्या नियमाप्रमाणे ८.४ अँपिअर प्रवाह वाहतो. आपल्या शेतावरच्या साध्या एलईडी टॉर्चला एखादा अँपिअर पुरतो. एवढ्या ताणाखाली सेल टिकवायचा, तापू द्यायचा नाही आणि खिशात पेटू द्यायचा नाही, म्हणून त्या मंडळींनी काही शिस्त बसवून घेतली. सुटा सेल प्लास्टिकच्या डबीतच ठेवायचा. वरचे वेष्टन फाटले तर तो वापरायचा नाही. दोन सेलच्या उपकरणात जोडी कायम एकच ठेवायची.

भारतात ती उपकरणेच बेकायदा आहेत. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आली. साठा सोडून इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरुणांना निकोटिनची चटक लागू नये हा त्यामागचा हेतू आहे आणि तो रास्त आहे. म्हणून त्या उपकरणांची निगा हा इथला विषय नाही. विषय आहे त्यांच्यातल्या सेलचा, कारण त्याच प्रकारचा सेल आपल्या टॉर्चमध्ये, पॉवर बँकेत आणि कितीतरी स्कूटरींच्या पॅकमध्ये आहे.

त्या सेलची ताकद किती असते, याचा पुरावाही तिथूनच मिळाला. ब्रिटनमध्ये एकदा ओढून फेकायच्या ई-सिगारेटींचा खच पडू लागला, तेव्हा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्यांतले सेल काढून तपासले. २०२३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. कचऱ्यात चाललेले ते सेल सातशेहून अधिक वेळा चार्ज होऊनही मूळ क्षमतेच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास टिकत होते. १ जून २०२५ पासून ब्रिटनने अशा एकवापरी उपकरणांच्या विक्रीवर बंदी घातली. एका वापरापुरत्या बनवलेल्या सेलमध्ये सातशे फेऱ्यांचा दम असेल, तर आपल्याकडचा टॉर्च दोन हंगामांत का मरतो, याचा शोध घेतलाच पाहिजे.

दोन जाती, उलट सवयी

पहिली जात शिशाची. फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्लाची बॅटरी बनवली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. इन्व्हर्टर, ट्रॅक्टर आणि बऱ्याच फवारणी पंपांत हीच असते. हिचा शत्रू म्हणजे रिकामेपण. बॅटरी उतरते तेव्हा पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण बसतात. लगेच चार्ज केली तर ते विरघळतात. उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली, तर त्या कणांचे कडक खडे होतात आणि मग चार्जरची वीज त्यांना हलवू शकत नाही. म्हणून शिशाची बॅटरी कायम भरलेली ठेवायची, वापरात नसली तरी अधूनमधून चार्ज करायची.

दुसरी जात लिथियमची. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हिच्यात लिथियमचे आयन एका बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांतून दुसऱ्या बाजूच्या धातू-ऑक्साइडच्या थरांत आणि परत असे ये-जा करतात. ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ पापुद्रा धरतो आणि तोच सेलचे रक्षण करतो. पण हा पापुद्रा दिवसेंदिवस जाड होत जातो आणि त्यात थोडेथोडे लिथियम कायमचे अडकते. सेलचे वय वाढते ते मुख्यतः असे. पापुद्रा वाढण्याचा वेग दोन गोष्टी वाढवतात, उष्णता आणि काठोकाठ भरलेली अवस्था.

म्हणजे शिशाची बॅटरी भरलेली ठेवावी आणि लिथियमची अर्धवट. शिशाची उतरली की ताबडतोब भरावी, लिथियमची मधल्या पट्ट्यात खेळवावी. एकाच खोलीत, एकाच फळीवर या दोन्ही असतात आणि घरातले सगळे त्यांना एकाच न्यायाने वागवतात. दोन्ही रात्रभर चार्जिंगला आणि दोन्ही हंगाम संपला की माळ्यावर.

ऊन: सगळ्यांचा वैरी

एका बाबतीत मात्र दोन्ही जातींचे एकमत आहे. उष्णता दोघींनाही सोसत नाही. शिशाच्या बॅटरीबद्दल तंत्रज्ञांचा जुना ठोकताळा असा, की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मे होते. लिथियमबद्दल रूढ असलेले ढोबळ आकडे अधिक बोलके आहेत. सेल ४० टक्के भरून २५ अंशांत वर्षभर ठेवला, तर वर्षाअखेरीस त्याची क्षमता ९६ टक्क्यांच्या आसपास राहते. तोच शंभर टक्के भरून ठेवला तर ८० टक्के. तापमान ४० अंश असेल, तर अर्धवट भरलेल्याची ८५ टक्के आणि पूर्ण भरलेल्याची ६५ टक्के. सेल एकदाही वापरला नाही आणि तरी एका वर्षात त्याचा तिसरा हिस्सा गेला.

हे आकडे शिक्रापूरच्या उन्हाळ्याशेजारी ठेवून पाहावेत. २०१९ च्या एप्रिलअखेरीस पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेत पारा ४३ अंशांवर गेला होता आणि भीमा-घोड नद्यांच्या खोऱ्यातली गावे शहरापेक्षा थंड खचितच नाहीत. हे सावलीतले तापमान. पत्र्याच्या शेडमध्ये, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर, मोटारसायकलच्या डिकीत ते कितीतरी वर जाते. पंपाच्या पेटीवर दिवसभर ठेवलेला टॉर्च, उन्हात उभी स्कूटर, शेडच्या आढ्याला टांगलेला फवारणी पंप यांचे वय तिथेच झपाट्याने वाढते.

थंडीची काळजी आपल्याला फारशी नाही. शून्याखाली लिथियम सेल चार्ज केला तर धातूचे लिथियम साचून सेल निकामी होतो, पण ही अडचण लडाखची आहे, शिरूरची नाही. इथे जपायचे ते चार्जिंगच्या वेळच्या उष्णतेला. बहुतेक सेलचे उत्पादक चार्जिंगसाठी ४५ अंशांची वरची मर्यादा घालून देतात. भर उन्हातून आणलेले यंत्र लगेच चार्जरला लावू नये. तासभर सावलीत निववावे, मग पिन खोचावी.

टॉर्च उघडून पाहिला तर

बाजारातला चार्जिंगचा टॉर्च उघडला, की दोहोंपैकी एक जिन्नस निघतो. जुन्या धाटणीच्या, मागून दोन पिनांचा प्लग बाहेर येणाऱ्या टॉर्चमध्ये बहुधा चार व्होल्टचा छोटा शिशाचा सेल असतो. त्याच्या चार्जिंगला खराखुरा चार्जर नसतोच. एक कपॅसिटर, काही डायोड आणि एक लाल दिवा एवढ्यावर काम भागवलेले असते. सेल भरला हे ओळखून वीज तोडणारे तिथे कोणी नाही. सायंकाळी खोचलेला टॉर्च सकाळपर्यंत तसाच राहिला, की सेलमधले पाणी हळूहळू उडून जाते आणि सेल कोरडा पडतो. असा टॉर्च घड्याळ लावूनच चार्ज करावा. डब्यावर सहा तास लिहिले असतील तर सहाच तास.

नव्या टॉर्चमध्ये बोटाएवढा, नळीसारखा लिथियम सेल निघतो. त्याला '१८६५०' म्हणतात, म्हणजे व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. चांगल्या सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. त्याच्या वेष्टनावरचा आकडा नीट वाचावा. या आकाराच्या नावाजलेल्या कंपन्यांच्या सेलमध्ये साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत क्षमता असते. वेष्टनावर ६८०० किंवा ९९०० छापले असेल, तर तो आकडा खोटा आहे, आणि असे सेल बहुधा हातात घेताच हलके लागतात. कित्येकदा ते लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढून नवे वेष्टन चढवलेले असतात. जे आधीच अर्धे आयुष्य जगून आले, ते कितीही जपले तरी टिकणार किती?

चार्जिंगच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी सर्किटची हिरवी पाटी दिसते. चांगली पाटी आधी ठरावीक प्रवाहाने सेल भरते, सेल ४.२ व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह कमी करत नेते आणि शेवटी वीज तोडते. उतरताना सेल तीनेक व्होल्टच्या बराच खाली जाऊ लागला, की सोबतचा संरक्षक भाग टॉर्चच बंद करतो. ही पाटी असलेल्या टॉर्चला रात्रभर लावल्याने धोका होत नाही. तरी हिरवा दिवा लागल्यावर काढून घेणे बरे, कारण काठोकाठ भरलेल्या अवस्थेत जितका कमी वेळ जाईल तितका पापुद्रा हळू वाढतो. जाणकारांचा ढोबळ हिशेब असा, की भरण्याची मर्यादा ४.२ वरून ४.१ व्होल्टवर आणली तर फेऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट होते.

दारे धरणाऱ्याला मात्र रात्री पूर्ण उजेड हवा असतो, तेव्हा त्याने टॉर्च पूर्ण भरूनच न्यावा. त्यात काही गैर नाही. फक्त तो दुपारपासून भरून ठेवू नये, निघायच्या सुमारास भरेल अशा बेताने लावावा. वाटेवर कमी उजेडाचे बटण वापरावे, फडाजवळ पूर्ण. पिवळट होईपर्यंत चालवू नये. परत आल्यावर लगेच काठोकाठ भरण्याची घाईही नको. आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे एक टॉर्च पुरेसा नाही. दुसरा, वेगळ्या बॅटरीचा, खिशात असावा. सुटा सेल बरोबर नेणार असाल तर तो किल्ल्या किंवा चिल्लर असलेल्या खिशात कधीही टाकू नये. दोन टोके धातूने जोडली गेली की क्षणात सेल तापतो. ई-सिगारेटवाल्यांच्या मांड्या भाजल्याच्या ज्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या, त्यांत हेही एक कारण होते.

हंगामी यंत्रांची परवड

फवारणी पंपाची गोष्ट दुःखद आहे. सोळा-अठरा लिटरच्या पाठीवरच्या पंपात बहुधा बारा व्होल्टची, आठ किंवा बारा अँपिअर-तासांची बंद शिशाची बॅटरी असते. कांद्यावर करपा आला की सलग आठवडा पंप चालतो, मग दोन महिने त्याला कोणी हात लावत नाही. शेवटच्या दिवशी तो बहुधा उतरलेलाच ठेवला जातो आणि पत्र्याच्या शेडमधल्या उन्हात आपोआप आणखी उतरत राहतो. पुढच्या फवारणीला काढावा तर दहा मिनिटांत मोटारीचा आवाज बसतो. दुकानदार नवी बॅटरी टाकून देतो आणि शेतकरी कंपनीला दोष देतो.

उपाय साधे आहेत. काम संपले त्याच दिवशी पूर्ण चार्ज करावा. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावावा, तारीख लक्षात राहावी म्हणून वीजबिलाच्या किंवा एकादशीच्या दिवसाशी त्याची सांगड घालावी. ठेवायचा तो घरात, भिंतीच्या सावलीच्या बाजूला, पण औषधाची टाकी धुऊन आणि लेकरांच्या हाताबाहेर. साधा मल्टिमीटर घरात असेल तर स्थिर राहिलेली बारा व्होल्टची बॅटरी १२.६ किंवा १२.७ दाखवते तेव्हा ती भरलेली असते, १२.१ च्या आसपास निम्मी आणि ११.८ ला रिकामी. आकडा १२.४ च्या खाली दिसला की चार्जर लावायचा.

आता लिथियमचे फवारणी पंपही येऊ लागले आहेत. ते हलके असतात आणि दीर्घकाळ पडून राहिले तरी सल्फेटची भीती नाही. त्यांना हंगामानंतर निम्मे भरून ठेवावे. शेतकऱ्याने पंप घेताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की आत शिशाची आहे की लिथियमची. कारण त्या उत्तरावर पुढच्या सगळ्या सवयी ठरतात.

इन्व्हर्टरबद्दल थोडक्यात. ट्यूब्युलर बॅटरीत पाण्याची पातळी दोन-तीन महिन्यांनी बघावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरच्या पाण्यातले क्षार बॅटरी खातात. बॅटरी जिन्याखाली कोंडू नये, आजूबाजूला वारा खेळता असावा, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. वीज गेल्यावर पंखा, टीव्ही, फ्रिज सगळे एकदम चालवून ती तळापर्यंत उतरवण्यापेक्षा निम्म्यावर थांबवली, तर ती कितीतरी जास्त वर्षे साथ देते.

स्कूटर, खोली आणि आगीची भीती

शिक्रापूर-चाकण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बजाजचा कारखाना आहे. इलेक्ट्रिक चेतक जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली ती तिथेच बनून. त्यानंतरच्या काळात या पट्ट्यात इलेक्ट्रिक स्कूटरी वाढल्या आणि त्यांच्याबरोबर धास्तीही. २६ मार्च २०२२ ला पुण्यातल्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या स्कूटरने पेट घेतला आणि ती चित्रफीत घरोघर पोचली. देशात इतरत्रही तशा घटना घडल्या. केंद्र सरकारने संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेकडून तपास करवून घेतला आणि इलेक्ट्रिक दुचाकींच्या 'एआयएस-१५६' या मानकात सुधारणा केल्या. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत त्या लागू झाल्या. सेलमधले अंतर, एका सेलची आग शेजाऱ्याला न लागण्याची व्यवस्था, पॅकवर देखरेख ठेवणारी बीएमएस यंत्रणा आणि चार्जर यांच्या कसोट्या कडक झाल्या. वाहनांची परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे.

घेणाऱ्याच्या हातात तरीही बरेच काही उरते. पॅकमधले रसायन कोणते, हे विचारावे. निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल वजनाला हलके आणि क्षमतेला मोठे, पण उष्णतेला नाजूक. लोह-फॉस्फेटचे सेल थोडे जड, पण तापले तरी सहजी भडकत नाहीत आणि दोन हजार किंवा त्याहून जास्त फेऱ्या टिकतात. या लोह-फॉस्फेटचा शोध गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत लागला आणि १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिले नाव अक्षय पाढी या मूळच्या भारतीय संशोधकाचे आहे. आपल्या उन्हाळ्याला मानवेल असे हे रसायन आहे. पाळीला जाऊन येण्याइतकाच प्रवास असेल, तर किलोमीटरच्या आकड्यापेक्षा हे रसायन बघून गाडी घ्यावी.

रोजचा प्रवास तीस-चाळीस किलोमीटरचा असेल तर बॅटरी २० ते ८० टक्क्यांमध्ये खेळवणे सोपे आहे. कंपनीने सांगितले असेल त्याप्रमाणे अधूनमधून शंभर टक्केही करावी. लोह-फॉस्फेटच्या पॅकला तर ते गरजेचेच असते, कारण त्याचे व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहते आणि किती उरली याचा अंदाज बीएमएसला पूर्ण भरल्यावरच पक्का येतो. गावी जाताना पंधरा दिवस गाडी बंद राहणार असेल, तर निम्मी भरून सावलीत लावावी.

भाड्याच्या खोलीत खरी अडचण जागेची. काढता येणारा पॅक वर नेऊन पलंगाखाली, गादीला चिकटून रात्रभर चार्जिंगला लावला जातो. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री, शेगडी आणि चार्जर असतो. हे टाळलेच पाहिजे. पॅक फरशीवर, दारापासून दूर, आजूबाजूला कापडचोपड नसताना आणि माणसे जागी असताना चार्ज करावा. दार अडले तर बाहेर पडायची वाट बंद होते, म्हणून दाराजवळ नको. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरावा, कारण व्होल्टेजच्या थोड्या फरकानेही पॅकला जास्त भरले जाते. पॅक पडला, ठेचला किंवा पुराच्या पाण्यात गेला असेल तर तपासल्याशिवाय चार्ज करू नये. खोल्या बांधून देणाऱ्या घरमालकांनी पार्किंगमध्येच अर्थिंगसह एक-दोन पॉइंट दिले, तर भाडेकरू आणि इमारत दोघांचाही धोका कमी होईल.

ऐकीव सल्ल्यांची छाननी

मोबाईलच्या दुकानात नवा फोन देताना 'पहिले आठ तास चार्ज करा' असे अजूनही सांगतात. हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. त्या बॅटऱ्यांना अर्धवट चार्जिंगची सवय जडायची, म्हणून त्या पूर्ण उतरवून पूर्ण भराव्या लागत. लिथियमला ही सवय नसते, उलट पूर्ण उतरवणे तिला बाधते. 'महिन्यातून एकदा शून्यावर आणा' हाही त्याच घराण्यातला सल्ला. फोनचा टक्क्यांचा आकडा भरकटत असेल तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग.

'वेगवान चार्जरने बॅटरी मरते' यात अर्धे सत्य आहे. मारक असते ती त्यातून निघणारी उष्णता. फोन थंड राहत असेल तर वेगवान चार्जिंगने फारसे बिघडत नाही. जाड कव्हरात, उशीखाली, व्हिडिओ बघतबघत चार्ज होणारा फोन मात्र तापतो आणि म्हातारा होतो. बऱ्याच नव्या फोनमध्ये आता ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी. रात्रपाळीहून आलेल्याला दिवसभर प्लगजवळच झोपायचे असेल, तर त्याला शंभर टक्क्यांची गरज नसते.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनसाठी नियम केला आहे, की आठशे फेऱ्यांनंतरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. असा आकडा कंपन्यांवर बंधनकारक करता येतो, हे त्यावरून कळते. भारतात सध्या आधार आहे तो सुरक्षिततेच्या नोंदणीचा. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, 'आयएस १६०४६' हा मानकाचा क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. आठवडे बाजारातल्या सुट्या सेलवर तो दिसत नसेल, तर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये.

मेल्यानंतर

फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नसते, टाचणी टोचून हवा काढायची तर मुळीच नसते. आतला वायू ज्वलनशील असतो. तिचा वापर तिथेच थांबवावा, चार्जिंग करू नये आणि ती वाळू किंवा कोरडी माती घातलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवावी.

शिशाच्या मेलेल्या बॅटरीला आपल्याकडे भाव आहे. दुकानदार ती वजनावर परत घेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीतून पैसे वळते करतो, त्यामुळे ती सहसा उकिरड्यावर जात नाही. लिथियमच्या सुट्या सेलला भंगारवाला विचारत नाही आणि तो सरळ घंटागाडीत पडतो. कचरा दाबला गेला की तो पेटू शकतो. २२ ऑगस्ट २०२२ ला निघालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करणे आणि त्यांतला माल पुन्हा वापरात आणणे त्याला बंधनकारक आहे. बॅटरीवरचे फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह हेच सांगते, की ही साध्या कचऱ्यात टाकू नका.

नियम कागदावर भक्कम आहेत, पण गावापर्यंत त्यांची साखळी पोचायची आहे. शिक्रापूरच्या शेजारी रांजणगावला २०२२ मध्ये केंद्र सरकारने २९७ एकरांवरचा इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर केला, त्याचा विकासखर्च ४९२ कोटींहून अधिक धरलेला आहे. जिथे यंत्रे बनणार तिथेच त्यांच्या मेलेल्या सेलसाठी संकलनाची सोय का नसावी? एवढ्या जवळ जागा असेल तर ग्रामपंचायत आपल्या कार्यालयात एक झाकणाचा डबा ठेवू शकते, मोबाईल दुरुस्तीची दुकाने त्यात भर घालू शकतात आणि महिन्याला एक गाडी तो उचलून नेऊ शकते. जवळच्याच पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. तिथे ऊर्जा आणि पर्यावरण हा गावातल्या मुलांच्या अभ्यासाचा एक विभाग आहे. मल्टिमीटर धरून सेल तपासणे, चांगला-वाईट वेगळा करणे हे काम शिकलेली पोरे या परिसरात तयार होऊ शकतात.

तोवर घरात करण्यासारखे एवढे आहे. मेलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, ते एकमेकांना लागणार नाहीत असे डब्यात ठेवावेत आणि पुण्याला जाणे होईल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात द्यावेत. नवा टॉर्च किंवा पंप घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: आत कोणत्या जातीची बॅटरी आहे, ती सुटी बदलता येते का, आणि मेली की परत घ्याल का. हे प्रश्न शिक्रापूरच्या चाकण चौकातल्या आणि पाबळ चौकातल्या दुकानांत रोज विचारले जाऊ लागले, तर आत काय आहे हे सांगता न येणारा माल मागवण्याआधी दुकानदारही दोनदा विचार करतील.